मंगाच्या वाचकाने जपानबाहेर काय वाचावे? : चित्रकथांच्या आप्तसंबंधाची ऐतिहासिक चर्चा

जपानी चित्रकथेला आज जगभर ‘मंगा’ ह्या तिच्या मूळ नावानेच ओळखले जाते. मंगात रमलेल्या वाचकाला जपानबाहेरील एखादी चित्रकथा वाचावीशी वाटली, तर त्याला काय सुचवावे, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाचा किंवा पुस्तकविक्रेत्याचा आहे. आणि त्याचे नेहमीचे उत्तरही ठरलेले आहे. मंगासारखे दिसणारे काहीतरी शोधावे, म्हणजे मोठ्या डोळ्यांची पात्रे, काळीपांढरी छपाई, वेगदर्शक रेषा आणि अनेक खंडांत चालणारी कथा असलेले पुस्तक त्या वाचकाच्या हाती द्यावे, असे हे उत्तर आहे. ते सर्वस्वी चूक आहे असे नव्हे. पण ते केवळ चेहरेपट्टीवरून नाते जुळविण्यासारखे आहे. दोन भाषांतील काही शब्द सारखे ऐकू आले म्हणून त्या भाषा एका कुळातील ठरत नाहीत, ही तौलनिक भाषाशास्त्राची पहिली शिकवण होय. मराठीत ‘पगार’ हा शब्द नांदतो म्हणून मराठी काही पोर्तुगीज भाषेची बहीण होत नाही. तो शब्द उसना आला आहे. उलट ‘माता’ आणि लॅटिन ‘मातेर’ ह्यांच्यात अंतर दिसत असूनही त्यांचे कूळ एकच आहे. सारखेपणा योगायोगाने येतो, उसनवारीने येतो किंवा समान पूर्वजामुळे येतो. ह्यांपैकी कोणता सारखेपणा कोठे आहे हे एकदा निश्चित झाले, की मंगाच्या वाचकाने जपानबाहेर काय वाचावे ह्या प्रश्नाचे स्वरूपच पालटते. किंबहुना, ‘जपानी’ आणि ‘जपानबाहेरील’ ही विभागणी कितपत जुनी व कितपत खरी आहे, असा प्रश्न त्याच्या जागी उभा राहतो.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘मंगा’ हा शब्द दोन चिनी लिपिचिन्हांनी लिहिला जातो. तीच चिन्हे चिनी भाषेत ‘मान्हुआ’ व कोरियन भाषेत ‘मान्ह्वा’ अशी उच्चारली जातात. तेव्हा निदान नावापुरता तरी हा प्रकार एकट्या जपानच्या मालकीचा नाही. चित्रकार होकुसाई ह्याने १८१४ पासून ‘होकुसाई मंगा’ ह्या नावाने रेखाटनांचे संग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्यांचे एकूण १५ भाग निघाले. त्यांतील शेवटचे भाग त्याच्या मृत्यूनंतरचे आहेत. परंतु ह्या संग्रहांत कथा नाही. पैलवान, मासे, भुतेखेते, कामकरी माणसे ह्यांची ती सुटी रेखाटने असून एका चित्राचा दुसऱ्याशी क्रमाचा संबंध नाही. आज रूढ असलेल्या अर्थाकडे हा शब्द वळला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वृत्तपत्रांच्या जगात. ह्या वळणातील प्रमुख व्यक्ती म्हणजे किताझावा राकुतेन (१८७६–१९५५). त्याने योकोहामा येथील एका इंग्रजी साप्ताहिकात फ्रँक नॅनकिव्हेल ह्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी केली होती, आणि १९०५ साली स्वतःचे नियतकालिक काढले तेव्हा त्याला ‘तोक्यो पक’ असे नाव दिले. ‘पक’ हे अमेरिकेतील एका विख्यात विनोदी साप्ताहिकाचे नाव होते.

असे असताना मंगाचा उगम बाराव्या-तेराव्या शतकांतील ‘चोजू-गिगा’ ह्या प्राणिचित्रांच्या गुंडाळीत आहे, ही समजूत सर्वत्र रूढ झालेली दिसते. ससे आणि बेडूक कुस्ती खेळत आहेत, माकडे भिक्षूंचे सोंग आणीत आहेत, अशी ती चित्रे अत्यंत मनोहर आहेत ह्यात शंका नाही. तथापि वंशावळ सिद्ध करावयाची तर मधल्या पिढ्यांचा पुरावा हवा, आणि येथे तो सलग मिळत नाही. ही समजूत ग्रंथरूपाने दृढ करणारे होसोकिबारा सेइकी ह्यांचे जपानी मंगाच्या इतिहासावरील पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. कारण त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ मध्ये, परदेशी चित्रमाला जपानी वृत्तपत्रसृष्टीत आली होती. घरात नवा पाहुणा आला की कुळाचा इतिहास काढावासा वाटतो, तशातलाच हा प्रकार असावा.

१९२३ साली नेमके काय घडले हे समजण्यासाठी अमेरिकेत थोडे मागे जावे लागते. चित्रांची मालिका मांडून गोष्ट सांगण्याची रीत युरोपात त्यापूर्वीही होती. जिनीव्हा येथील रोदोल्फ टोपफर ह्याने १८३० नंतरच्या दशकात अशी पुस्तके छापली. पण त्यांत मजकूर चित्राखाली असे आणि तो निवेदकाचा असे. पात्राच्या मुखाजवळ फुगा काढून त्यात शब्द लिहिण्याची युक्तीही जुनीच. मात्र बहुतेक ठिकाणी तो फुगा म्हणजे चित्राला लावलेली चिठ्ठी असे. त्यातून आवाज ऐकू येत नसे. २५ ऑक्टोबर १८९६ रोजी ‘न्यूयॉर्क जर्नल’ ह्या वृत्तपत्रात रिचर्ड औटकॉल्ट ह्याने आपल्या ‘यलो किड’ ह्या पात्राची एक लहानशी चित्रमाला प्रसिद्ध केली. पिवळा अंगरखा घातलेला हा झोपडवस्तीतील पोरगा एका फोनोग्राफचे प्रात्यक्षिक दाखवीत आहे. यंत्राच्या कर्ण्यातून फुगे बाहेर पडतात आणि त्यांत वृत्तपत्राच्या रंगीत पुरवणीची स्तुती आहे. अखेरीस त्या पेटीतून एक पोपट बाहेर येतो आणि सारे बिंग फुटते. एरवी ह्या मुलाचे शब्द त्याच्या अंगरख्यावर लिहिलेले असत. शेवटच्या चित्रात तोही फुग्यातून बोलतो.

तिएरी स्मोल्डेरेन आणि त्यानंतर आइके एक्स्नर ह्या अभ्यासकांनी ह्या चित्रमालेला जे महत्त्व दिले आहे ते भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला सहज पटण्यासारखे आहे. अंगरख्यावरील शब्द लिखित आहेत, तर फुग्यातील शब्द उच्चारित आहेत. उच्चाराला आरंभ आणि शेवट असतो. एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याचे सुरू होते. म्हणून जेथे उच्चार आला तेथे काळ आला, आणि काळ आला म्हणजे चौकटींचा क्रम केवळ निवेदकाच्या सोयीचा राहत नाही; तो घटनेचाच क्रम होतो. आजचा मंगा ह्याच तत्त्वावर उभा आहे. एक्स्नर ह्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की हे तत्त्व जपानमध्ये रुजले ते मुख्यतः अनुवादित अमेरिकन चित्रमालांच्या द्वारे. आणि त्यांतील सर्वांत प्रभावी मालिका जॉर्ज मॅकमॅनस ह्याची ‘ब्रिंगिंग अप फादर’ ही होय.

ही मालिका अमेरिकेत १९१३ साली सुरू झाली. जिग्ज हा आयरिश वंशाचा गवंडीकामावरचा मजूर अकस्मात श्रीमंत होतो. पत्नी मॅगी हिला आता उच्चभ्रू समाजात मिरवावयाचे असते, आणि जिग्जचा जीव मात्र जुन्या मित्रांत व कोबी-मांसाच्या साध्या जेवणात अडकलेला असतो. तो खिडकीतून निसटतो आणि ती लाटणे घेऊन वाट पाहते, एवढ्या भांडवलावर मॅकमॅनसने अनेक दशके वाचकांना हसविले. १९२३ मध्ये ‘असाही ग्राफ’ ह्या जपानी नियतकालिकात ती ‘ओयाजी क्योइकु’ म्हणजे ‘बापाचे शिक्षण’ ह्या नावाने येऊ लागली. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात ‘शो-चान नो बोकेन’ ही फुगे वापरणारी जपानी बालचित्रमाला सुरू झाली. आणि भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या दिवसांत असो युताका ह्याने ‘होची’ वृत्तपत्रासाठी ‘नोंकि ना तोसान’ म्हणजे ‘निश्चिंत बाबा’ ही मालिका रचली. ती मॅकमॅनसच्या धर्तीवर काढली गेली हे उघड आहे. अचानक आलेले पाश्चात्त्य राहणीमान आणि त्यात अवघडलेला घरधनी ही परिस्थिती तोक्योच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

तेव्हा मंगाच्या वाचकासाठी पहिली शिफारस ही अशी आहे. मॅकमॅनसची पुनर्मुद्रित पाने त्याने अवश्य पाहावीत. त्यांतील विनोद काहीसा शिळा झाला आहे हे कबूल केले पाहिजे, आणि मॅगीचे चित्रण आज खटकेल. पण दिवाणखान्यातील गालिचे, पडदे, जिने ह्यांची ती बारीक, समान जाडीची रेषा आणि तिच्यात धडपडणारी वाटोळ्या डोक्याची माणसे पाहिली, म्हणजे जपानमधील त्या आरंभीच्या चित्रकारांनी येथून काय उचलले ह्याची कल्पना येते.

ह्याच मुळाची दुसरी फांदी बेल्जियममध्ये वाढली. एर्जे ह्याने ‘टिनटिन’चे पहिले पान १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्स येथील एका बालपुरवणीत प्रसिद्ध केले. फ्रेंच भाषेतील चित्रकथांत तोवर चित्राखालील मजकुराचीच चलती होती. फुग्यांचा स्वीकार आलँ सँ-ओगाँ ह्याने त्यापूर्वी चार वर्षे केला होता आणि एर्जेने तो पक्का केला. मॅकमॅनसचे रेखाटन हे एर्जेला प्रिय असलेल्या आदर्शांपैकी एक होते. म्हणजे टिनटिन आणि मंगा हे एकमेकांचे परके शेजारी नसून चुलत भावंडे ठरतात. ह्या भावंडांची गाठ ‘ब्लू लोटस’ ह्या कथेत फार विलक्षण रीतीने पडते. १९३४–३५ मध्ये क्रमशः आलेल्या ह्या कथेचे स्थळ शांघाय असून जपानने १९३१ साली मुकदेन येथे घडवून आणलेला रेल्वेवरील स्फोट आणि त्या निमित्ताने बळकावलेला मांचुरिया हा तिचा विषय आहे. ब्रुसेल्समध्ये शिल्पकला शिकणारा चांग चोंगरेन हा चिनी विद्यार्थी एर्जेला साहाय्य करीत होता. चित्रांतील भिंतींवरची व फलकांवरची चिनी अक्षरे केवळ सजावटीची नाहीत. ती खरीखुरी वाक्ये आहेत आणि त्यांतील काही साम्राज्यशाहीविरोधी घोषणा आहेत. युरोपीय वाचकाला त्या नुसत्या रेघोट्या दिसत. कांजी चिन्हे जाणणाऱ्या जपानी वाचकाला त्या वाचता येत. कथेतील जपानी पात्रे विद्रूप आणि दुष्ट रंगविलेली आहेत, हा तिचा दोष आहेच. मंगाच्या प्रेमिकाने तो दोष ओळखूनही हे पुस्तक वाचावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या शाखा एकमेकींपासून वेगाने दूर गेल्या, आणि त्याचे कारण चित्रशैलीत नाही. ते कायद्यात आणि कागदात आहे. फ्रान्सने १९४९ साली बालकांसाठीच्या प्रकाशनांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम ह्यांच्या पुस्तकाने उठलेल्या वादळानंतर १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, आणि प्रौढ विषय त्या व्यवसायातून जवळजवळ हद्दपार झाले. जपानमध्येही अनिष्ट पुस्तकांविरुद्ध चळवळी झाल्या. परंतु भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांच्या आश्रयाने तेथे उग्र व वास्तववादी कथा वाढत राहिल्या, आणि १९५७ मध्ये तात्सुमी योशिहिरो ह्याने त्यांना ‘गेकिगा’ असे वेगळे नाव दिले. १९५९ च्या मार्च महिन्यात मुलांसाठीची दोन मोठी चित्रकथा-साप्ताहिके एकाच दिवशी निघाली. साप्ताहिकात एका कथेला दर आठवड्यास वीसेक पाने मिळू लागली, तर अमेरिकन मासिकाचा सारा अंकच जाहिरातींसह ३२ पानांचा होता आणि टिनटिनची संपूर्ण कथा ६२ पानांत संपत असे.

मंगाच्या वाचकाला युरोपीय चित्रकथा पहिल्या वाचनात ‘दाट’ वाटते आणि अमेरिकन ‘घाईची’ वाटते, त्याचा उलगडा ह्या पृष्ठसंख्येत आहे. एखाद्या पावसाळी संध्याकाळचे वातावरण उभे करण्यासाठी जपानी चित्रकाराला चार पाने खर्चता येतात. एर्जेला एक चौकटही जड जाते. स्कॉट मॅकक्लाउड ह्याने १९९३ च्या आपल्या ग्रंथात चौकटींमधील संक्रमणांचे सहा प्रकार करून त्यांची मोजदाद केली, तेव्हा एकाच क्षणाची निरनिराळी अंगे दाखविणारे संक्रमण जपानी कथांत ठळकपणे आढळले. अमेरिकन कथांत ते नगण्य होते. नील कोन ह्या भाषावैज्ञानिकाने २०१३ च्या ग्रंथात हा विचार पुढे नेला असून चित्रकथा ज्यांत लिहिल्या जातात त्या निरनिराळ्या ‘दृश्यभाषा’ आहेत असे मानले आहे. हे मत पूर्णतः स्वीकारले नाही तरी एवढे खरे, की नवी भाषा शिकणाऱ्याने जसा आपल्या भाषेचा वाक्यविचार काही काळ बाजूला ठेवावयाचा असतो, तसेच येथेही करावे लागते.

मात्र ज्याला मंगाचा तो ऐसपैस विस्तारच हवा आहे, त्याने पॅरिस किंवा न्यूयॉर्ककडे जाण्याऐवजी ब्वेनोस आइरेसकडे जावे. तेथील ‘ओरा सेरो’ ह्या साप्ताहिकात १९५७ ते १९५९ ह्या काळात ‘एल एतेर्नाउता’ ही काळीपांढरी कथा क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखन एक्तोर ओएस्तेरहेल्ड ह्याचे आणि चित्रे सोलानो लोपेझ ह्याची. चार मित्र रात्री माळ्यावर पत्ते खेळत बसले आहेत. बाहेर बर्फ पडू लागते आणि त्या बर्फाचा कण अंगावर पडताच माणसे मरतात. पुढे परग्रहावरील आक्रमण, नगरातील मोर्चेबांधणी, कामगार व सैनिकांची पथके असा कथेचा पट उलगडत जातो. परिचित रस्ते, परिचित क्रीडांगण आणि सामान्य माणसांचा समूह हाच नायक, ही ह्या कथेची शक्ती आहे. लेखकाचा शेवट कथेहून भयंकर झाला. लष्करी राजवटीच्या काळात १९७७ मध्ये ओएस्तेरहेल्ड नाहीसा झाला. त्याच्या चार मुलीही त्याच राजवटीच्या बळी ठरल्या. विध्वंसित महानगराची जी प्रतिमा मंगाच्या वाचकाला कात्सुहिरो ओतोमो ह्याच्या ‘अकिरा’मुळे (१९८२–९०) परिचित आहे, तिच्या शेजारी ही कथा ठेवावी. येथे उसनवारीचा पुरावा नाही. साप्ताहिक मुद्रणाच्या समान गरजांतून आलेले हे साम्य आहे. ओएस्तेरहेल्डबरोबर ब्वेनोस आइरेसमध्येच काम केलेला इटालियन चित्रकार ह्यूगो प्रात्त ह्याने १९६७ साली सुरू केलेली ‘कोर्तो माल्तेझे’ ह्या खलाशाची पहिली सागरकथाही येथेच सांगितली पाहिजे. तिच्यातील शाईचे सपाट काळे डाग आणि संवादांविना जाणाऱ्या समुद्राच्या चौकटी मंगाच्या वाचकाला ओळखीच्या वाटतील.

अमेरिकन अतिमानवांच्या कथांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांची अडचण चित्रांत नसून अनेक दशकांच्या साठलेल्या पूर्वकथेत आहे. जपाननेही त्यांचा प्रयोग करून पाहिला होता. कुवाता जिरो ह्याने १९६६–६७ मध्ये बॅटमनच्या स्वतंत्र जपानी कथा रचल्या. डिस्नीचे ऋण मात्र सर्वश्रुत आहे. १९४७ च्या ‘नवे रत्नद्वीप’ ह्या कथेने ज्याचे नाव झाले, त्या ओसामु तेझुका ह्याने १९५२ साली ‘बँबी’ आणि ‘पिनोकिओ’ ह्या डिस्नीपटांची मंगारूपेही काढली. आज ज्या मोठ्या डोळ्यांना जपानी म्हटले जाते, त्यांच्या घडणीत ह्या अमेरिकन चित्रपटांचा वाटा मोठा आहे.

१९७० नंतर उसनवारी उलट दिशेनेही वाहू लागली. १९७५ च्या आरंभी पॅरिस येथे ‘मेताल उर्लां’ हे नियतकालिक निघाले आणि त्यात मोबियस ह्या टोपणनावाने जाँ जिरो ह्याने ‘आर्झाक’ ही निःशब्द कथा प्रसिद्ध केली. एक योद्धा पंख असलेल्या प्राण्यावर बसून उजाड प्रदेशावरून जात आहे, एवढेच तिचे कथानक. हायाओ मियाझाकी ह्यांना ती १९८० च्या सुमारास पाहावयास मिळाली, आणि आपल्या ‘नौसिका’वर मोबियसचा प्रभाव असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ‘नौसिका’चे वाचक असंख्य आहेत, त्यांतील किती जणांनी ‘आर्झाक’ उघडले असेल? दुसरीकडे अमेरिकेत फ्रँक मिलर ह्याने कोइके व कोजिमा ह्यांच्या सामुराई कथेचा अभ्यास करून १९८३–८४ मध्ये ‘रोनिन’ रचले. ते अभ्यासापुरते वाचावे; मूळ कथा ज्याने वाचली आहे त्याला ते उसने वाटेल. ह्याहून अधिक मोलाचे उदाहरण फ्रान्समधील बारू ह्याचे आहे. एका मोठ्या जपानी प्रकाशकाने आपल्या साप्ताहिकासाठी परदेशी चित्रकारांकडून कथा मागविल्या, तेव्हा बारूने चारशेहून अधिक पानांची ‘लोतोरूत द्यु सोलेय’ ही पलायनकथा काढली. १९९६ साली आंगुलेम येथील उत्सवात ती सर्वोत्कृष्ट ठरली. बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांचा प्रदेश, स्थलांतरितांची मुले आणि त्यांच्या मागे लागलेले गुंड हा विषय सर्वस्वी फ्रेंच आहे. पानांचा वेग मात्र जपानी मोकळेपणाचा आहे. मंगाप्रेमी व्यक्तीस एकच फ्रेंच पुस्तक सुचवावयाचे झाले तर ते हे होय.

ध्वनीचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि मराठी वाचकाला त्यात विशेष गोडी वाटेल. जपानी चित्रकथेतील अनुकरणवाचक शब्द केवळ आवाज दाखवीत नाहीत. ‘दोकिदोकि’ ही हृदयाची धडधड झाली. पण ‘किराकिरा’ म्हणजे लखलख, तिला आवाज नाही. आणि ‘शीन’ हा शब्द तर शांततेसाठीच आहे. इंग्रजी चित्रकथांना हे साधत नाही. त्या आपटण्या-फुटण्याच्या आवाजांबरोबर हुंगणे, गिळणे, उसासणे अशी क्रियापदेच चौकटीत लिहितात, आणि युरोपातील इतर भाषांनी ती पुष्कळ वेळा तशीच उचलली आहेत. मराठीची प्रकृती येथे जपानीच्या जवळची आहे. धाडकन, खळखळ, सळसळ ह्यांच्याबरोबरच लखलख, मिणमिण, टळटळीत, बुळबुळीत असे डोळ्यांना व स्पर्शाला जाणवणारे शब्द मराठीत विपुल आहेत, आणि ‘शीन’ला ‘शुकशुकाट’ हा तोडीस तोड शब्द आहे. मरे एमेनो ह्यांनी १९६९ च्या निबंधात असे शब्द हे भारतीय भाषाक्षेत्राचेच एक लक्षण असल्याचे दाखविले आहे. तरीही १९६४ पासून मुंबईहून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने वेताळाच्या ज्या कथा मराठीत आणल्या, त्या अमेरिकन साच्यातील होत्या आणि मराठीच्या ह्या भांडाराचा उपयोग तेथे फारसा झाला नाही. जपानीतून थेट मराठीत अनुवाद करणाऱ्याला ते भांडार खुले आहे.

अनुकरणवाचक शब्दांचा आधार सुटला की स्तब्धता रेषेलाच व्यक्त करावी लागते. म्हणून जपानबाहेरील निःशब्द चित्रकथा मंगाच्या वाचकाने मुद्दाम निवडाव्यात. चांग लेपिंग ह्याचा ‘सानमाओ’, म्हणजे डोक्यावर तीनच केस असलेला अनाथ मुलगा, १९३५ साली शांघायमध्ये जन्मला. १९४७ ते १९४९ ह्या यादवीच्या वर्षांत क्रमशः आलेली त्याची भटकंती अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी अशी आहे. ऑस्ट्रेलियाच्या शॉन टॅन ह्याचे २००६ चे ‘द अरायव्हल’ हेही शब्दांविना चालते. त्यातील स्थलांतरिताला नव्या देशाची लिपी वाचता येत नाही, आणि ती लिपी काल्पनिक असल्यामुळे वाचकालाही येत नाही.

वाचनाच्या दिशेचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. जपानी मजकूर उभ्या ओळींत उजवीकडून डावीकडे जातो आणि चौकटीही त्याच क्रमाने लागतात. इंग्रजी प्रकाशकांनी प्रारंभी पाने आरशातल्यासारखी उलटी छापली. त्यामुळे सामुराई डावखुरे झाले हे सर्वांच्या ध्यानात आले; परंतु किमोनोची डावी बाजू उजवीवर घ्यावयाची असते आणि उलट घडी फक्त प्रेताला घालतात, हे फार थोड्यांना माहीत होते. त्या पानांतील सर्व जिवंत माणसे मृताच्या वेषात वावरत होती. २००२ च्या सुमारास मूळ दिशेने छापण्याची पद्धत रूढ झाली. कोरियाने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. १९४५ पर्यंत जपानी अंमलाखाली असलेल्या आणि पुढे १९९८ पर्यंत जपानी लोकप्रिय संस्कृतीला अधिकृतपणे दार बंद ठेवणाऱ्या त्या देशात डावीकडून वाचावयाचा मान्ह्वा वाढला. २००३ मध्ये कांग फुल ह्याच्या प्रेमकथेने संगणकाच्या पडद्यावर वरून खाली उलगडणारी चित्रकथा लोकप्रिय केली, तेव्हा डाव्या-उजव्याचा वादच मिटला.

आप्तसंबंधाचे सर्वांत गंभीर उदाहरण मागे राहिले आहे. केइजी नाकाझावा हा हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याची ‘अनवाणी गेन’ ही कथा १९७३ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात येऊ लागली. १९७६ साली तोक्योतील काही स्वयंसेवकांनी ती इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि अमेरिकेतील आर्ट स्पिगेलमन ह्याच्या हाती ती पडली, तेव्हा तो आपल्या पित्याच्या आउशविट्झमधील आठवणींवर ‘माउस’ लिहू लागला होता. पुढे इंग्रजी ‘गेन’ला त्यानेच प्रस्तावना लिहिली. ‘माउस’ १९८० पासून क्रमशः आले, १९८६ व १९९१ मध्ये दोन भागांत ग्रंथरूप झाले आणि १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. एकाने यहुद्यांना उंदरांचे मुखवटे दिले, दुसऱ्याने मुलांच्या मासिकातले वाटोळे, हसरे चेहरे तसेच ठेवून त्यांवरून कातडी लोंबत असल्याचे दाखविले. गेनचा बाप युद्धाला उघड विरोध करतो म्हणून शेजारी त्याला देशद्रोही ठरवितात, आणि त्या कुटुंबाशी माणुसकीने वागणारा शेजारी पाक हा कोरियन आहे. ‘ब्लू लोटस’मध्ये बाहेरून दिसलेला जपान येथे आतून दिसतो, म्हणून मंगाच्या वाचकाने ही तीन पुस्तके एका ओळीत वाचावीत.

त्यांचे पुढील आयुष्यही काहीसे समांतर आहे. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए नगराच्या शिक्षणखात्याने ‘गेन’ शालेय ग्रंथालयांच्या बंद कपाटांत ठेवण्यास सांगितले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये हे उघडकीस येऊन गदारोळ झाल्यावर तो आदेश मागे घेतला गेला. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मॅकमिन परगण्यातील शाळामंडळाने ‘माउस’ला आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने वगळले. २०२३ मध्ये हिरोशिमा नगराच्या शिक्षणमंडळाने आपल्या शांतताविषयक पाठ्यसामग्रीतून ‘गेन’ची पाने काढून टाकली.